साडेचार हजार की बावीसशे : ग्राफ्टचा आकडा ठरेपर्यंत

हेअर ट्रान्सप्लांटचं मनात आलं की आधी पैशांचा प्रश्न उभा राहतो. बिल बहुतेक ठिकाणी ग्राफ्टमागे होतं (ग्राफ्ट म्हणजे डोक्याच्या मागून काढून पुढे लावायचा एक ते चार केसांचा झुबका), त्यामुळे त्याच्या पाठोपाठ ग्राफ्टचा आकडा येतो. माझ्या एकाच डोक्यासाठी बेळगाव, हुबळी आणि कोल्हापूर मिळून मला २,००० पासून ४,५०० पर्यंतचे आकडे सांगितले गेले. सगळ्यात मोठा आकडा ज्यांनी सांगितला, त्यांनी माझं डोकं पाहिलंच नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवून घेतले आणि अर्ध्या तासात उत्तर आलं : ४,५०० ग्राफ्ट लागतील, या महिन्यात बुकिंग केलं तर ग्राफ्टमागे ३५ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. जीएसटीच्या नियमात आरोग्यसेवेला सूट आहे, पण नुसत्या दिसण्यासाठी केलेलं हेअर ट्रान्सप्लांट त्या सुटीत बसत नाही. भाव सांगताना मात्र हे आपणहून कुणी सांगत नाही. हिशेब केला तर १,८५,८५० रुपये होत होते.

मी बेळगावात, उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे. आमच्याकडे हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल होतात. पाच-दहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इकडचे तिकडे झाले की माल परत येतो. एका नगाची दोन मापं निघाली तर आम्ही आधी माप घेणाऱ्याला विचारतो, कशानं घेतलंस आणि कुठून घेतलंस. तोच प्रश्न मी या आकड्यांना लावला. २,००० कशावरून आणि ४,५०० कशावरून? पैसे जमवण्यापेक्षा या एका प्रश्नाचं उत्तर मिळवायला मला जास्त वेळ लागला. इथले बरेच तरुण आज याच उंबरठ्यावर उभे आहेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझे केस अठ्ठाविशीत जायला लागले. आधी कपाळाचे दोन्ही कोपरे, मग मागचा भोवरा. बाबांचं साठीत जे डोकं आहे ते सगळ्यांच्या ओळखीचं असतं : कानामागून कानामागे जाणारी केसांची पट्टी, बाकी सगळं मोकळं. आजोळी, खानापूरकडे, धाकट्या मामांचंही तसंच. हे टक्कल आईकडूनच येतं असं आपल्याकडे म्हणतात, पण ते अर्धंच खरं. एक महत्त्वाचं जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतं, बाकीची दोन्हीकडून येतात. माझ्याकडे दोन्ही बाजू भक्कम होत्या.

टक्कल कुठवर आलंय हे सांगायला डॉक्टर नॉरवूडची श्रेणी वापरतात. जेम्स हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये पुरुषांच्या टकलाचे टप्पे मांडले, ओ'टार नॉरवूड यांनी १९७५ मध्ये ते सुधारले. १ ते ७ अशा पायऱ्या. चौतिसाव्या वर्षी मी चौथ्या पायरीवर होतो, बाबा सहाव्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले सगळे आकडे माझी चौथी पायरी धरून काढले होते. सहावीचा विचार कुणाच्याच आकड्यात नव्हता.

तो विचार नसला की काय होतं हे मी घरातच पाहत होतो. माझा आत्तेभाऊ निपाणीचा, तंबाखूच्या व्यापारातला. लग्न ठरायच्या आधी, सव्विसाव्या वर्षी, तो बाहेरगावी जाऊन ४,००० हून जास्त ग्राफ्ट लावून आला. एका बैठकीत, दोन दिवस. कपाळावर अगदी शाळकरी पोरासारखी खाली उतरलेली सरळ रेघ काढून दिली होती. लग्नाच्या फोटोत तो देखणा दिसतो, खोटं कशाला बोलू. पण औषध चालू ठेवायचं असतं हे त्याला कुणी नीट सांगितलं नाही आणि पुढच्या आठ-नऊ वर्षांत लावलेल्या केसांच्या मागचे त्याचे स्वतःचे केस गेले. आता पुढे दाट पट्टी, तिच्यामागे मोकळी जागा आणि मग भोवरा. मागून आणून भरावं तर मागे काही उरलेलं नाही. कानामागे बारीक केस कापले की ठिपके ठिपके दिसतात, म्हणून तो मागचे केस वाढवून ठेवतो. माझा विषय निघाला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दादा, पुढचं कुणीबी भरून देतंय. मागं किती ऱ्हातंय ते इचार."

हा प्रश्न घेऊन मी टिळकवाडीतल्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टर कन्नडभाषक, पण बेळगावातच वाढलेले, त्यामुळे बोलणं मराठीत मोकळेपणानं झालं. त्यांनी माझ्या टकलाकडे आधी पाहिलंच नाही. खुर्ची फिरवायला सांगितली आणि मागून सुरुवात केली.

पुढचे आणि वरचे केस डीएचटी नावाच्या संप्रेरकापुढे टिकत नाहीत, कानामागचे आणि मानेच्या वरचे टिकतात. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं की मागचे केस उचलून पुढे लावले तरी ते मागच्यासारखेच वागतात. सगळं ट्रान्सप्लांट या एका गोष्टीवर उभं आहे. पण मागून उचललेल्या जागी नवीन केस येत नाही. भाताची रोपं लावताना वाफ्यात जेवढी रोपं असतील तेवढंच शेत लागतं. रोपं संपली तर पुढच्या साली पुन्हा बी टाकता येतं, इथे ती सोय नाही. आयुष्यभरासाठी हा एकच वाफा.

डॉक्टरांनी मागे, डावीकडे आणि उजवीकडे नखाएवढ्या जागेतले केस मशीननं अगदी बारीक केले. मग ट्रायकोस्कोप टेकवला. स्क्रीनवर कातडी एवढी मोठी दिसली की प्रत्येक छिद्रातून किती केस निघतायत ते मला बसल्या जागी मोजता येत होतं. कुठे एक, बहुतेक ठिकाणी दोन, काही ठिकाणी तीन, क्वचित चार. एका छिद्रातून निघालेला हा झुबका म्हणजे एक ग्राफ्ट. मागे मधोमध दर चौरस सेंटीमीटरला ७८ ग्राफ्ट भरले, डावीकडे ७०, उजवीकडे ६८. सरासरी ७२. दर ग्राफ्टला केस साधारण २.१.

त्याच स्क्रीनवर त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली : मागच्या केसांत बारीक झालेले केस किती आहेत. काही जणांचे मागचे केसही आतून बारीक होत जातात. वरून ते दिसत नाही, पण तसा केस पुढे लावला तर तोही पुढे जाऊन गळतो. मागच्या भागात असे केस वीस टक्क्यांच्या वर असले तर शस्त्रक्रियेचा पुन्हा विचार करावा लागतो. माझ्यात तुरळकच होते. फोटोवरून आकडा सांगणाऱ्याला ही गोष्ट कळणं शक्यच नाही, आणि एवढ्या एकाच कारणासाठी मी कुणालाही सांगेन की मागच्या केसांना ट्रायकोस्कोप लागल्याशिवाय कुठलाही आकडा खरा मानू नका.

मग हिशेब झाला. मागची सुरक्षित पट्टी, म्हणजे जिथले केस म्हातारपणीही टिकण्याची खात्री धरता येते ती, माझ्याबाबतीत सुमारे १९० चौरस सेंटीमीटर भरली. १९० गुणिले ७२ म्हणजे १३,६८०. पण सगळे काढता येत नाहीत. साधारण ४० टक्क्यांच्या पुढे गेलं की मागचा भाग विरळ दिसू लागतो. त्या हिशेबानं ५,४००च्या आसपास. डॉक्टरांनी फाईलवर ५,००० लिहून त्याभोवती गोल केला आणि म्हणाले, "हे तुमचं आयुष्यभराचं. यातलं आज किती काढायचं आणि पुढं किती ठेवायचं, तेवढंच ठरवायचं आहे."

दाढीचे केसही लावता येतात असं मी ऐकलं होतं, तेही विचारलं. येतात, पण ते जाड, राठ आणि बहुतेक एकेकटे असतात. मध्येमध्ये भर घालायला चालतात, हेअरलाइनला, म्हणजे कपाळावरच्या केसांच्या पहिल्या रेघेला, चालत नाहीत. मुख्य हिशेबात त्यांनी ते धरले नाहीत.

त्या दिवशी त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली नाही, औषध दिलं. फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम रोज आणि डोक्याला लावायला मिनॉक्सिडिल. फिनास्टेराइडनं डीएचटी बरंच खाली येतं आणि केसांची गळती बहुतेकांत थांबते किंवा मंदावते. थोड्या पुरुषांना लैंगिक इच्छेत किंवा ताठरतेत फरक जाणवतो, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. काही त्रास वाटला तर लगेच कळवा म्हणाले. बायको बरोबर होती, तिलाही सांगितलं की गरोदरपणात या गोळीचा तुकडा किंवा चुरा हाताळायचा नाही. घरी आल्यावर आम्ही दोघं बोललो आणि मग सुरू केलं. मला त्रास झाला नाही. वर्षभर औषध घ्या, तोवर केस कुठे स्थिर होतात ते दिसेल, मग मोजू, असं त्यांचं म्हणणं होतं. हलत्या नगाचं माप घेत नाहीत, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

या वर्षात मी घरच्या घरी दोन गोष्टी मोजल्या.

पहिली केसांची जाडी. वर्कशॉपमधल्या डिजिटल मायक्रोमीटरवर कंगव्यात आलेले केस ठेवले. केस मऊ असतो, रॅचेट हलक्या हातानं फिरवावं लागतं, नाहीतर तो दबतो आणि माप कमी येतं. मागचा केस ०.०७ मिलिमीटर भरला. पुढचा, विरळ भागातला, ०.०३. आकड्यात निम्म्याहून थोडं कमी वाटतं, पण डोकं किती झाकलं जातं ते केसाच्या नुसत्या व्यासावर ठरत नाही. छेदाचं क्षेत्रफळ काढलं तर मागच्या एका केसात पुढचे पाचहून जास्त केस बसतात. याचा थेट संबंध ग्राफ्टच्या आकड्याशी आहे. ज्याचा केस जाड आणि थोडा कुरळा, त्याला कमी ग्राफ्टमध्ये भरल्यासारखं दिसतं. ज्याचा केस रेशमासारखा बारीक, त्याला त्याच जागेसाठी जास्त लागतात. ८० मायक्रॉनच्या केसात ६० मायक्रॉनच्या केसापेक्षा पाऊणपट जास्त ऐवज असतो. म्हणून मित्राला ३,००० लागले म्हणून मलाही ३,०००, हे गणित चुकीच्या जागी सुरू होतं.

दुसरी गोष्ट क्षेत्रफळ. ओएचपीची पारदर्शक शीट डोक्यावर ठेवून बायकोनं मार्करनं विरळ भागाची कड काढली. डोकं गोल असल्यामुळे शीट एकदम बसत नाही, तिला दोन-तीन काप द्यावे लागतात. मग ती शीट आलेख कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन एक धरायचा, कमी असला तर सोडायचा. पुढचा भाग, मला हुबळीच्या क्लिनिकमध्ये कपाळावर काढून दाखवलेल्या रेघेपासून मोजला तर, ५६ चौरस सेंटीमीटर. भोवरा ४२. आता ४,५०० कुठून आले ते समोर दिसलं. पुढे दर चौरस सेंटीमीटरला ५० ग्राफ्ट धरून ५६ ला ५० नं गुणा, २,८०० होतात. भोवऱ्याला ४० धरून ४२ ला ४० नं गुणा, १,६८०. बेरीज ४,४८०. म्हणजे आकडा हवेतला नव्हता. आजचं सगळं टक्कल आजच भरायचं, असं धरून काढलेला तो अगदी रीतसर आकडा होता. फक्त ५,००० मधून ४,५०० वजा केले की ५०० उरतात, हे कुणी मांडलं नव्हतं.

रविवारी ती शीट घेऊन मी बाबांकडे, वडगावच्या घरी गेलो. बाबा सोप्यावर पेपर वाचत बसले होते.

"काय करायलास रे माझ्या डोक्याला?"

"माप घेतोय बाबा. हलू नका जरा."

त्यांनी पेपर खाली ठेवला, टोपी मांडीवर घेतली आणि मान ताठ केली. आई आतून बघायला आली. बाबांच्या डोक्याला कडा स्पष्ट, त्यामुळे रेघ काढायला वेळ लागला नाही. कानाच्या वर हाताच्या दोन बोटांवर टक्कल सुरू होतं, मागे भोवऱ्याच्या बरंच खाली उतरतं. चौकोन मोजले : २१० चौरस सेंटीमीटर. तिथेच कागदावर भागाकार केला. माझ्याकडचे सगळे ५,००० ग्राफ्ट बाबांच्या डोक्यावर सारखे पसरले तर दर चौरस सेंटीमीटरला २४ पडतात. मूळ दाट डोक्यावर ते सत्तरच्या वर असतात. निम्मे केस जाईपर्यंत डोळ्याला विरळपणा फारसा जाणवत नाही असं म्हणतात, म्हणजे पस्तीसच्या आसपास पडले तर डोकं भरलेलं दिसतं. २४ मध्ये सगळं डोकं भरत नाही. सगळीकडे थोडं थोडं टाकायचं की पुढे नीट करून मागे सोडायचं, यातलं एक निवडावंच लागतं.

बाबांनी विचारलं, "म्हणजे तुझंबी असंच होणार म्हणतोस?"

"होईलच असं नाही. औषध चालू आहे. पण झालं तर, असं धरून चालायचं."

मला जे सांगायचंय ते सगळं या भागाकारात आहे. चौतिसाव्या वर्षी ट्रान्सप्लांट करताना मोजायचं डोकं चौतिसाव्या वर्षाचं नसतं. ते आपल्या बापाचं किंवा मामाचं असतं, ज्याचं जास्त गेलं असेल त्याचं. कितीही चांगला सर्जन असला तरी २१० चौरस सेंटीमीटरला ५,००० पुरे पडत नाहीत, आणि ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधी कळली तरच तिचा उपयोग.

वर्षानं पुन्हा ट्रायकोस्कोपखाली बसलो. मधल्या भागातले, पुढच्या टकलाच्या आणि भोवऱ्याच्या मधल्या पट्ट्यातले, बरेच केस पुन्हा जाड झाले होते. आधी त्या पट्ट्यालाही ८००-९०० ग्राफ्ट लागतील असा डॉक्टरांचा अंदाज होता, आता ३०० पुरे होते. पाच-सहाशे ग्राफ्ट औषधानं वाचवले. औषध न घेता थेट टेबलावर गेलो असतो तर ते खर्च झाले असते.

मग हेअरलाइन. ही बैठक मला सगळ्यात अवघड गेली. आरशासमोर बसल्यावर कुणालाही विशीतलं कपाळ हवं असतं, मलाही हवं होतं. हुबळीत काढलेली रेघ दोन भुवयांच्या मधून साडेसहा सेंटीमीटरवर होती. डॉक्टरांनी पट्टी लावून साडेसातवर नवी रेघ काढली आणि दोन्ही बाजूंचे कोपरे थोडे आत ठेवले. "पन्नाशीतल्या चेहऱ्यावर ही रेघ कशी दिसेल ते बघा," म्हणाले. एक सेंटीमीटर वर सरकल्यानं क्षेत्रफळ ५६ वरून ४४ वर आलं. १२ चौरस सेंटीमीटर, चाळीसच्या हिशेबानं जवळजवळ ५०० ग्राफ्ट. कपाळावरची बोटभर जागा म्हणजे एकूण ५,००० चा दहावा भाग. आणि एकदा खाली आणलेली रेघ पुन्हा वर नेता येत नाही, आत्तेभाऊ त्याच्या पायी अडकलाय. मी साडेसातला हो म्हणालो.

४४ चौरस सेंटीमीटरची वाटणी त्यांनी कागदावर केली. सगळीकडे सारखं लावायचं नसतं, हे मला तिथे कळलं. अगदी पुढची पट्टी, १० चौरस सेंटीमीटर, दर चौरस सेंटीमीटरला ४० प्रमाणे ४०० ग्राफ्ट, आणि तेही फक्त एक केस असलेले. पहिल्या ओळीत तीन केसांचा झुबका लागला की बाहुलीच्या डोक्यासारखं दिसतं. त्यामागे मधोमध, जिथे समोरच्याची नजर पडते, १४ चौरस सेंटीमीटर, ५० प्रमाणे ७००. इथे दोन-तीन केसांचे. दोन्ही बाजू आणि मागची उतरण, २० चौरस सेंटीमीटर, ४० प्रमाणे ८००. बेरीज १,९००. मधल्या पट्ट्यात ३००. एकूण २,२००. पन्नासच्या पुढे मुद्दाम गेले नाहीत. फार दाट छिद्रं पाडली तर तिथल्या रक्तपुरवठ्यावर ताण येतो आणि लावलेलेच ग्राफ्ट जगत नाहीत.

भोवऱ्याला शून्य. बायकोनं विचारलं, मागचं तसंच ठेवायचं? डॉक्टरांनी तिला समजावलं की भोवरा सगळ्यात जास्त ग्राफ्ट खातो. तिथे केस गोल फिरतात, एक केस दुसऱ्यावर पडत नाही, त्यामुळे तेवढ्याच जागेला जास्त लागतात आणि तरी भरल्यासारखं दिसत नाही. शिवाय भोवऱ्याचं टक्कल बाहेरच्या बाजूनं वाढत जातं. आज मध्ये भरलं आणि उद्या भोवतालचं गेलं, तर मध्ये एक बेट आणि भोवती रिकामं कडं राहतं. पुढच्या वर्षांत ते कुठवर जातं ते कळेपर्यंत थांबायचं.

२,२०० वजा केले, २,८०० शिल्लक.

कुणाकडे करायचं हा प्रश्न तोवर सुटलाच होता, तरी एक सांगतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की हेअर ट्रान्सप्लांट प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरनंच करायचं आणि कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून ते शिकता येत नाही. काही ठिकाणी डॉक्टर रेघ काढून जातात आणि ग्राफ्ट काढण्यापासून छिद्रं पाडण्यापर्यंत सगळं तंत्रज्ञ करतात. मी आधीच विचारून घेतलं : बधिर कोण करणार, पंच (ग्राफ्ट कापून काढायचं बारीक गोल हत्यार) कोण चालवणार, ग्राफ्ट लावायची छिद्रं कोण पाडणार. तिन्हीला डॉक्टरांनी "मी" म्हटलं. ग्राफ्ट लावण्याच्या कामात दोन सिस्टर मदतीला असतील हेही सांगितलं. आणखी एक खबरदारी : कोटेशनमध्ये ग्राफ्ट लिहिलेत की केस, ते बघा. मला एका ठिकाणी ५,००० केसांचा भाव मोठ्या आकड्यात दाखवला होता. दर ग्राफ्टला दोनहून थोडे जास्त केस धरले तर ते २,४०० ग्राफ्टसुद्धा भरत नाहीत.

डिसेंबर निवडला. पावसाळ्यात बेळगावात दुचाकीवर डोकं कोरडं ठेवणं शक्य नाही आणि उन्हाळ्यात घाम. रक्ताच्या तपासण्या आणि ईसीजी आधीच्या आठवड्यात झाले.

शस्त्रक्रियेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सकाळी डोकं बारीक केलं, बधिर करायची इंजेक्शनं झाली. तेवढीच दुखतात. मग पालथं झोपून मागून एकेक ग्राफ्ट काढणं. पंच ०.९ मिलिमीटरचा. एका जागेतून सलग न काढता विखरून, मध्ये दोन-तीन सोडून एक, असे काढत गेले. म्हणूनच आज माझे मागचे केस बारीक कापले तरी काही कळत नाही. काढलेले ग्राफ्ट थंड सलाइनच्या बशीत एक केसाचे, दोन केसांचे, तीन केसांचे असे वेगळे ठेवले जात होते आणि एक सिस्टर भिंतीवरच्या फळ्यावर दहा-दहाच्या रेघा ओढत होती. जेवणाच्या सुट्टीत मी उठून तो फळा वाचला. दिवस संपला तेव्हा त्यावर होतं : एक केसाचे ४८०, दोन केसांचे १,११०, तीन केसांचे ५४०, चार केसांचे ६०. एकूण २,१९०. केस ४,५६०. ठरलेल्यापेक्षा दहा कमी, कारण रेघ आणि मध्य मनासारखा भरला होता. बिल २,१९० चंच झालं. त्या फळ्याचा फोटो माझ्या फाईलला आहे. असा हिशेब प्रत्येकानं मागून घ्यावा. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर मागून किती निघालेत हे त्याला कळायला हवं.

नंतरचे काही दिवस उशा रचून अर्धवट बसूनच झोपलो. दहाएक दिवसांत खपल्या गेल्या. वर्कशॉपमध्ये कूलंटचा फवारा आणि तेलाची वाफ असते, म्हणून ते संपेपर्यंत रजा. तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस गळायला लागले. हे होणारच असतं. मूळ आत राहतं, केस पडतो. तरी उशीवर केस पाहून आई हळहळली. तिला मी फाईलमधलं पान काढून दाखवलं, त्यावर डॉक्टरांनी "३ रा आठवडा : गळती" असं आधीच लिहून ठेवलं होतं. शिवजयंतीच्या चित्ररथांपर्यंत कपाळावर बारीक कोंब दिसू लागले होते. गणपतीत लोकांच्या लक्षात यायला लागलं. पुरतं भरायला वर्ष गेलं.

वर्षानंतरच्या तपासणीला डॉक्टरांनी मधोमध पुन्हा ट्रायकोस्कोप लावला. ५० लावले होते, ४६ जिवंत निघाले. बाजूंना ४० पैकी ३६. बाबांनी टोपी सरकवून, जवळ येऊन बघितलं आणि "बरं झालंय" म्हणाले.

भोवरा अजून तसाच आहे. औषध चालू आहे, आणि दर वर्षी डिसेंबरात त्याच खिडकीजवळ, त्याच उजेडात बायको वरून फोटो काढते आणि शीट ठेवून कड काढते. पहिल्या वर्षी ४२ चौरस सेंटीमीटर होता, आता ४४ आहे. २,८०० चं काय करायचं यावर डॉक्टरांशी बोलणं झालंय. मधला पट्टा पुढे गेलाच तर त्याला आधी १,२००, चारशे-पाचशे पुढच्या भागाच्या डागडुजीला राखून, आणि चाळिशीनंतर भोवरा थांबलेला दिसला तर उरलेल्यातले हजारेक तिथे, विरळच, दर चौरस सेंटीमीटरला वीस-बावीस. तो पन्नासच्या पुढे वाढला तर त्याला काहीच द्यायचं नाही, असंही त्याच पानावर लिहिलेलं आहे. बायकोला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. मला पटलंय.